चोर सोडून संन्याशाला सुळी : अँटिव्हायरसच्या चुकांचा आणि तत्पर दुरुस्तीचा इतिहास

२१ एप्रिल २०१०, बुधवार. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातल्या सुमारे एकतृतीयांश रुग्णालयांना त्या दिवशी तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. अपघात विभागात गंभीर जखमींखेरीज इतर रुग्णांवर उपचार करणे थांबवावे लागले. केंटकी राज्यातल्या पोलिसांना गस्तीच्या गाड्यांमधील संगणक बंद ठेवण्याची सूचना मिळाली. मिशिगन विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात २५,००० संगणकांपैकी सुमारे ८,००० कोलमडले. ऑस्ट्रेलियात कोल्स या किराणा दुकानांच्या साखळीची बिल करणारी यंत्रे बंद पडली आणि काही दुकानांना टाळे लावावे लागले. विज्ञान संशोधनाला अर्थसाहाय्य देणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या मुख्यालयातही संगणक चालेनात.

पाहणाऱ्याला वाटावे, की एखाद्या भयंकर व्हायरसने जगावर हल्ला केला आहे. प्रत्यक्षात त्या दिवशी असा कोणताही हल्ला झाला नव्हता. हे संगणक पाडले होते ते त्यांच्या रक्षणासाठी नेमलेल्या अँटिव्हायरसने. मॅकॅफी या कंपनीने नेहमीप्रमाणे नवी व्हायरस-ओळख ग्राहकांना पाठवली होती. तिचा क्रमांक होता ५९५८. या नव्या माहितीच्या आधारे अँटिव्हायरसने विंडोजच्याच एका अत्यावश्यक फाइलवर व्हायरस असल्याचा शिक्का मारला. मराठीत ज्याला चोर सोडून संन्याशाला सुळी देणे म्हणतात, त्याचा संगणकाच्या जगातला हा सर्वांत गाजलेला प्रसंग.

ती फाइल म्हणजे ‘एसव्हीसीहोस्ट’. विंडोजमध्ये अनेक सेवा पडद्याआड सतत चालू असतात. कोणी नेटवर्कशी संपर्क राखते, कोणी छपाई सांभाळते, तर कोणी नवे अपडेट आणते. यांपैकी कित्येक सेवा स्वतंत्रपणे न चालता एसव्हीसीहोस्टच्या छत्राखाली चालतात. ५९५८ क्रमांकाच्या ओळखीने विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक ३ या आवृत्तीतील ही फाइल ‘वेकॉर्ल’ नावाचा व्हायरस समजून बाजूला काढली. छत्रच गेल्यावर खालच्या सेवा कोसळल्या. काही संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होत, आणि सुरू होताच पुन्हा बंद पडत. अनेकांचा नेटवर्कशी संबंधच तुटला.

कंपनीला चूक कळायला वेळ लागला नाही. काही तासांत सदोष ओळख मागे घेण्यात आली आणि त्याच दिवशी ५९५९ क्रमांकाची सुधारित ओळख प्रसिद्ध झाली. बिघडलेल्या संगणकांसाठी दुरुस्तीचे वेगळे साधनही देण्यात आले. कंपनीने जाहीर माफी मागितली. कंपनीच्या सांगण्यानुसार, बाधित झालेल्या संगणकांचे प्रमाण तिच्या व्यावसायिक ग्राहकांमध्ये अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते. घरगुती ग्राहकांना दुरुस्तीचा वाजवी खर्च परत देण्याची आणि सेवेची मुदत दोन वर्षांनी वाढवण्याची तयारी तिने दाखवली. कागदावर पाहिले तर ही तत्परता वाखाणण्याजोगी होती. मग रुग्णालये आणि दुकाने त्याच दिवशी पूर्ववत का झाली नाहीत?

याचे उत्तर मिळवण्यासाठी अँटिव्हायरस कसा विचार करतो, हे आधी पाहावे लागते.

संगणकातील व्हायरस हीही एक आज्ञावलीच असते. पडताळणीच्या पहिल्या पिढीने त्यावर सोपा उपाय शोधला. व्हायरसच्या आज्ञावलीतला एखादा विशिष्ट तुकडा निवडायचा, जणू त्याच्या बोटाचा ठसा, आणि प्रत्येक फाइलमध्ये तो ठसा शोधायचा. यालाच सिग्नेचर म्हणतात. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेल्या ‘ब्रेन’पासून पुढची काही वर्षे व्हायरसांची संख्या इतकी थोडी होती, की हा मार्ग पुरेसा ठरला. पुढे स्वतःचे रूप बदलणारे व्हायरस आले. प्रत्येक रूपाचा वेगळा ठसा घेणे अशक्य झाले, म्हणून एकाच ठशात अख्खे कुटुंब पकडण्याचे प्रयत्न सुरू झाले. जाळ्याची वीण अशी बारीक झाली तशी त्यात निरुपद्रवी मासळीही अधिक अडकू लागली.

यामागे एक सैद्धांतिक मर्यादाही आहे. १९८४ मध्ये अमेरिकी संशोधक फ्रेड कोहेन यांनी संगणकीय व्हायरसवर आपला प्रसिद्ध निबंध मांडला. कोणतीही आज्ञावली हाती दिली, तर ती व्हायरस आहे की नाही हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारी पद्धत तयारच करता येत नाही, असे त्यांनी दाखवले. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये सिद्ध केलेल्या गणिती मर्यादेशी या निष्कर्षाचे जवळचे नाते आहे. याचा अर्थ स्पष्ट आहे. काही व्हायरस निसटतील किंवा काही निर्दोष फाइली पकडल्या जातील. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणता येणार नाहीत. यांपैकी दुसऱ्या प्रकारच्या चुकीला ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ म्हणतात. कोविडच्या काळात निरोगी माणसाचा अहवाल बाधित म्हणून आल्याचे अनेकांनी ऐकले असेल. चुकीचा प्रकार तोच आहे.

पण रोगाची चाचणी आणि अँटिव्हायरस यांत एक मोठा भेद आहे, आणि २०१० च्या घटनेचे मर्म त्यात आहे. समजा, एखादा अँटिव्हायरस दहा लाख निर्दोष फाइलींमागे एकदाच चुकतो आणि प्रत्येक संगणकात दोन लाख फाइली आहेत. सरासरी पाच संगणकांमागे एक चूक होईल, असे साधा गुणाकार सांगतो. रोगाच्या चाचणीत अशा चुका विखुरलेल्या असतात. एकाचा अहवाल चुकला म्हणून शेजाऱ्याचा चुकत नाही. संगणकात तसे नसते. विंडोजच्या एकाच आवृत्तीतली एसव्हीसीहोस्ट फाइल जगातल्या प्रत्येक संगणकावर अक्षरशः सारखी, एका बिटाचाही फरक नसलेली असते. तिच्याविषयी निर्णय चुकला, की तो एका संगणकापुरता न राहता ती आवृत्ती आणि तो अँटिव्हायरस असलेल्या सर्व ठिकाणी एकाच वेळी चुकतो. सरासरी कितीही लहान असली, तरी चूक घडते तेव्हा ती लाटेसारखी येते.

मग ओळख प्रसिद्ध करण्यापूर्वी ती तपासली जात नाही का? तपासली जाते. मॅकॅफीनेही तपासली होती. मात्र अँटिव्हायरसची आवृत्ती आणि विंडोजची आवृत्ती यांची जी जोडी कोसळली, नेमकी तीच तपासणीच्या यादीत नव्हती, हे कंपनीने नंतर मान्य केले. विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३ ही त्या काळी कार्यालयांमधून सर्रास वापरली जाणारी प्रणाली होती. दुर्मीळ आवृत्तीवर झालेली ही चूक नव्हती, आणि म्हणूनच ती अधिक बोचणारी ठरली.

कंपन्यांच्या घाईचे कारणही न्यायबुद्धीने पाहिले पाहिजे. २५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ नावाचा किडा इंटरनेटवर सुटला आणि त्याला बळी पडू शकणाऱ्या संगणकांपैकी सुमारे ९० टक्के त्याने दहा मिनिटांत गाठले. अशा शत्रूपुढे नवी ओळख आठवडाभर प्रयोगशाळेत तपासत बसणे म्हणजे आग लागल्यावर बंबाच्या पाण्याची शुद्धता मोजण्यासारखे होते. त्यामुळे व्हायरस-ओळख रोज, पुढे तर दिवसातून अनेकदा, प्रसिद्ध होऊ लागली. उशीर झाला तर व्हायरस शिरतो आणि घाई झाली तर निर्दोष फाइल मारली जाते, अशा कात्रीत हा सारा उद्योग उभा आहे.

मॅकॅफीची घटना पहिली नव्हती. १८ मे २००७ रोजी सिमँटेकच्या नॉर्टन अँटिव्हायरसने चिनी भाषेतील विंडोज एक्सपीच्या दोन मूलभूत फाइली ‘हॅक्सडोर’ नावाचा घुसखोर समजून उचलल्या. ज्या संगणकांवर मायक्रोसॉफ्टचे एक विशिष्ट सुरक्षा अपडेट बसवलेले होते, तेच यात सापडले. म्हणजे नियम पाळणाऱ्यांनाच शिक्षा झाली. सिमँटेकने सुधारित ओळख काही तासांत दिली. पण ज्यांनी दरम्यान संगणक बंद करून पुन्हा सुरू केला होता, त्यांचा संगणक विंडोजपर्यंत पोहोचतच नव्हता, आणि सुधारित ओळख तर विंडोज सुरू झाल्यावरच उतरवता येणार होती.

दुरुस्तीचे साधन ज्या वाटेने यायचे ती वाटच चुकीने उखडली जाते, ही गोष्ट या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते. १९ सप्टेंबर २०१२ रोजी सोफोस या ब्रिटिश कंपनीच्या अँटिव्हायरसने तर कमाल केली. स्वतःला ताजे ठेवणारी आपलीच अपडेट यंत्रणा त्याने व्हायरस ठरवली. सुधारित ओळख लगोलग तयार झाली, पण ती उतरवून घेणारा हात त्याने स्वतःच तोडला होता. ११ मार्च २०१५ रोजी स्पेनच्या पांडा कंपनीच्या अँटिव्हायरसनेही स्वतःच्याच फाइलींवर झडप घातली. कुंपणानेच शेत खाल्ल्याची उदाहरणे अनेक आहेत. येथे कुंपणाने कुंपणही खाल्ले.

तत्पर दुरुस्ती खरोखर यशस्वी ठरल्याचेही उदाहरण आहे. ३० सप्टेंबर २०११ रोजी मायक्रोसॉफ्टच्या अँटिव्हायरसने गुगलचा क्रोम ब्राउझर ‘झेडबॉट’ समजून काढून टाकायला सुरुवात केली. झेडबॉट हा बँकेचे पासवर्ड चोरणारा कुप्रसिद्ध व्हायरस. दोन्ही कंपन्या ब्राउझरच्या बाजारात परस्परांच्या कट्टर प्रतिस्पर्धी असल्याने शंकाकुशंकांना ऊत आला. पण मायक्रोसॉफ्टने त्याच दिवशी ओळख सुधारली, आणि गुगलनेही बिघडलेले क्रोम दुरुस्त करण्यासाठी पावले उचलली. सुमारे ३,००० ग्राहकांपुरताच हा प्रकार मर्यादित राहिला. येथे दुरुस्ती यशस्वी झाली, कारण ब्राउझर गेला तरी विंडोज चालू होते, नेटवर्क चालू होते आणि नवी ओळख येण्याची वाट मोकळी होती.

याच्या उलट उदाहरण २४ एप्रिल २०१७ चे. वेबरूट या अमेरिकी कंपनीची सदोष ओळख केवळ १३ मिनिटे प्रसारित होत होती. तेवढ्या वेळात तिने विंडोजच्या वैध फाइलींना व्हायरस ठरवून कोंडून टाकले. ओळख तेरा मिनिटांत मागे घेतली गेली, पण कोंडलेल्या फाइली आपोआप सुटल्या नाहीत. लहान व्यवसायांचे शेकडो संगणक सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांना त्यासाठी झगडावे लागले आणि दुरुस्तीचे स्वतंत्र साधन यायला आणखी दोन दिवस गेले. या इतिहासात तेरा मिनिटांपेक्षा अधिक चपळाई क्वचितच दिसेल. तरीही ती अपुरी पडली.

२०१० च्या एप्रिलमध्ये रुग्णालयांत आणि दुकानांत नेमके हेच घडले होते. ५९५९ क्रमांकाची ओळख इंटरनेटवर तयार होती, पण बिघडलेला संगणक नेटवर्कवर जाऊ शकत नव्हता. म्हणून तंत्रज्ञाने पेनड्राइव्ह घेऊन प्रत्येक संगणकापाशी जायचे, तो सेफ मोडमध्ये सुरू करायचा, एसव्हीसीहोस्टची चांगली प्रत जागेवर ठेवायची आणि पुढच्या टेबलाकडे वळायचे. एका संगणकाला पंधरा मिनिटे धरली तरी ८,००० संगणकांचे २,००० तास होतात. चूक पसरते विजेच्या वेगाने, कारण ती वाहून नेणारी यंत्रणा शाबूत असते. दुरुस्ती मात्र माणसाच्या पावलांच्या वेगाने पोहोचते, कारण तोवर ती यंत्रणा मोडलेली असते. अर्धा टक्का हा आकडा कंपनीच्या दृष्टीने लहान होता. पण ज्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली, त्या रुग्णाच्या लेखी तो शंभर टक्के होता.

या ठेचांतून उद्योग काही शिकलाही. चांगल्या, सर्वपरिचित फाइलींची यादी ठेवायची आणि अशा फाइलीवर संशय आला तर ती उचलण्यापूर्वी त्या यादीशी पडताळून पाहायचे, ही पद्धत रूढ झाली. २०१० नंतर मॅकॅफीनेही व्यवस्थेच्या मूलभूत फाइलींसाठी असा अटकाव आणण्याचे जाहीर केले. ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्थेसारख्या परीक्षण संस्था अँटिव्हायरसने किती व्हायरस पकडले एवढेच न पाहता, किती निर्दोष फाइली पकडल्या हेही मोजतात. कारण समोर येईल त्याला चोर म्हणणारा पहारेकरी एकही चोर सोडणार नाही, पण त्याला कोणी कामावर ठेवणार नाही.

छोट्या सॉफ्टवेअर निर्मात्यांचा प्रश्न मात्र वेगळा राहिला. विंडोजची फाइल चुकून पकडली तर जगभर बातमी होते आणि त्याच दिवशी दुरुस्ती येते. एखाद्या एकट्या विकासकाची उपयुक्त आज्ञावली पकडली गेली, तर ती सर्वपरिचित फाइलींच्या यादीत नसते. ग्राहकाच्या पडद्यावर लाल सूचना झळकते आणि निर्मात्याची अब्रू जाते. त्याने नमुना पाठवायचा, निर्दोषत्व पटवायचे आणि वाट पाहायची. नवी आवृत्ती काढली, की कदाचित पुन्हा तेच. म्हणून एखादी कंपनी अपरिचित निर्मात्याची तक्रारही काही तासांत तपासून चूक सुधारते, तेव्हा त्या तत्परतेचे मोल अधिक मानले पाहिजे. तेथे तिच्यावर बातम्यांचा दबाव नसतो.

भारताचा या विषयाशी संबंध केवळ वापरकर्त्याचा नाही. नव्वदच्या दशकात पुण्यात संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातून कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी क्विक हील हा अँटिव्हायरस उभा केला. दुरुस्तीसाठी येणाऱ्या संगणकांतले व्हायरस हीच त्या कामाची प्रेरणा होती. त्या काळी व्हायरस फ्लॉपीवरून पसरत आणि त्यावरचा उपायही फ्लॉपीवरूनच पोहोचे. चूक आणि दुरुस्ती, दोन्हींचा वेग सारखाच मंद होता. इंटरनेटने दोन्हींना वेग दिला, पण तो समान नव्हता, हे भारताला १९ जुलै २०२४ रोजी अनुभवास आले.

त्या शुक्रवारी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या विंडोज संगणकांकडे एक छोटी माहिती-फाइल पाठवली. ही घटना फॉल्स पॉझिटिव्ह नव्हती. कोणत्याही निर्दोष फाइलीला येथे व्हायरस ठरवले गेले नाही. आज्ञावलीला २१ नोंदींची अपेक्षा होती आणि तिला २० च मिळाल्या. नसलेली नोंद वाचण्याच्या प्रयत्नात विंडोजच कोसळले. पण मार्ग तोच होता : धोक्याची नवी माहिती, घाईचे प्रसारण, तपासणीतून निसटलेली चूक आणि एकाच वेळी सर्वत्र पडझड. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक बाधित झाले. योगायोग असा, की क्राउडस्ट्राइकचे प्रमुख जॉर्ज कर्ट्झ हे २०१० मध्ये मॅकॅफीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी होते.

भारतात विमानतळांवर रांगा लागल्या. संगणक नसल्याने प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले आणि त्यांची छायाचित्रे देशभर फिरली. इंडिगोला सुमारे दोनशे उड्डाणे रद्द करावी लागली. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने तातडीची सूचना जारी केली. दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा आल्याचे रिझर्व्ह बँकेने सांगितले. सरकारी कार्यालयांना जोडणारे एनआयसीचे नेटवर्क मात्र बाधित झाले नाही.

सदोष फाइल ७८ मिनिटांत, म्हणजे १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेण्यात आली. त्यानंतर सुरू झालेला संगणक सुरक्षित होता. पण त्यापूर्वी कोसळलेला संगणक निळ्या पडद्यावरच अडकून राहिला. तो सेफ मोडमध्ये सुरू करून ती फाइल हाताने पुसावी लागत होती. चौदा वर्षांनंतरही तंत्रज्ञ पुन्हा टेबलाटेबलावर फिरत होते. २५ जुलैपर्यंत ९७ टक्के आणि २९ जुलैपर्यंत सुमारे ९९ टक्के विंडोज संगणक पुन्हा जोडले गेल्याचे कंपनीने सांगितले. दुरुस्ती ७८ मिनिटांत झाली, आणि ती पोहोचायला दहा दिवस लागले.

यानंतर क्राउडस्ट्राइकने अशी माहिती टप्प्याटप्प्याने पाठवण्याचे धोरण जाहीर केले : आधी थोड्या संगणकांवर, ते ठीक राहिले तर आणखी काहींवर आणि शेवटी सर्वांवर. कोळशाच्या खाणीत विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून कॅनरी पक्षी नेत असत, त्यावरून पहिल्या टप्प्यालाच ‘कॅनरी’ म्हणतात. हा विचार नवा नव्हता. लाट थोपवायची तर ती किनाऱ्यावर नव्हे, उगमाशी थोपवावी लागते, हे २०१० मध्येही दिसले होते.

अँटिव्हायरस कधीच चुकणार नाही, अशी हमी गणितच देऊ देत नाही. त्यामुळे चूक झाली म्हणून कंपनीला दोष देऊन विषय संपत नाही, आणि चूक लवकर सुधारली म्हणून तिची पाठ थोपटूनही तो संपत नाही. उद्या भारतातली रुग्णालये, वीज केंद्रे आणि रेल्वेची आरक्षणे अधिकाधिक अशा स्वयंचलित पहारेकऱ्यांच्या हाती जातील. तेव्हा कोणत्याही कंपनीला दोन प्रश्न विचारावे लागतील. चूक पहिल्यांदा किती संगणकांपर्यंत पोहोचू द्याल? आणि संगणक सुरूच होत नसेल, तर तुमची दुरुस्ती त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने येईल? तत्परतेचे घड्याळ थांबवायचे ते कंपनीने नवी फाइल प्रसिद्ध केली तेव्हा नव्हे, तर शेवटच्या रुग्णालयातला शेवटचा संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा.

#विज्ञानवार्ता #तंत्रज्ञानाचा_इतिहास #सायबरसुरक्षा